साताऱ्यात राहून फिल्मवर फोटो: सव्वा वर्षातले चौदा रोल

जुलै २०२३ ते सप्टेंबर २०२४ या सव्वा वर्षात मी एका जुन्या कॅमेऱ्यावर सात प्रकारच्या फिल्मचे मिळून चौदा रोल संपवले. सुरुवात करण्यापूर्वी फिल्मविषयी जे जे वाचले होते, ते बहुतेक सगळे मोठ्या शहरांत किंवा परदेशात राहणाऱ्यांनी लिहिलेले होते. त्यांना लॅब हाकेच्या अंतरावर असते आणि नळाला थंड पाणी येते. साताऱ्यात मी पाच-सहा स्टुडिओंत चौकशी केली, तेव्हा रोल धुऊन देणारा एकही निघाला नाही. एका ठिकाणी तर काउंटरवरच्या मुलाने रोल हातात घेऊन, हे उघडते कोठून, असे विचारले. अशा गावात राहून कोणती फिल्म घ्यावी, ती कोठे पाठवावी, किती पैसे ठेवावेत आणि कोणत्या चुका होतात, हे मला कोणी आधी सांगितले असते तर दोन-तीन रोल वाचले असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मते अर्थातच माझी आहेत.

कॅमेरा मामांचा, पेंटॅक्स के१०००. कराडला त्यांचा स्टुडिओ होता आणि तो बंद झाल्यापासून हा कॅमेरा ट्रंकेत पडून होता. याला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा जलद शटर नाही, ही गोष्ट पुढे फिल्म निवडताना महत्त्वाची ठरली. उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला वेगळे बटन नाही; भिंगाला टोपी लावली नाही तर तो चालूच राहतो आणि बॅटरी संपते. पुण्यात दुरुस्तीला तीन आठवडे आणि १,८०० रुपये लागले. शटरचे वेग तपासून मिळाले. मागच्या झाकणाच्या बिजागरीपाशी असलेल्या फोमविषयी मात्र मी विचारलेच नाही. त्याचे फळ पुढे मिळाले.

पहिला रोल कोडॅक कलरप्लस २००, ८५० रुपयांचा. अजिंक्यतारा, राजवाडा, मोती चौकातले पेढ्यांचे दुकान, असे छत्तीस फोटो दोन आठवडे जपून काढले आणि पुण्याच्या एका लॅबकडे पाठवले. पाठवण्याची पद्धत अशी: लॅबचा एक पानाचा अर्ज भरायचा, त्यात फिल्मचे नाव, प्रक्रिया (रंगीत निगेटिव्हला सी-४१, थेट रंगीत चित्र देणाऱ्या स्लाइडला ई-६), पुश (कमी उजेडात काढलेली फिल्म जास्त वेळ धुणे) करायचे का, स्कॅन किती मोठे हवे आणि निगेटिव्ह परत हवेत का, हे रकाने असतात. शेवटच्या रकान्यावर खूण केली नाही तर निगेटिव्ह लॅबकडेच राहतात, म्हणून तो आधी पाहावा. पोस्टाच्या खिडकीवर आत काय आहे, बॅटरी किंवा द्रव पदार्थ आहे का, असे विचारतात. मी पहिल्या वेळी नुसते ‘रोल’ म्हणाले, तेव्हा मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी पनीर रोल का, असे विचारून सगळ्यांना हसवले. तेव्हापासून पाकिटावर ‘फोटो फिल्म, न धुतलेली’ असे लिहून नेते. स्पीड पोस्टला दर वेळी साधारण ऐंशी रुपये पडले.

अकराव्या दिवशी लॅबचा निरोप आला की रोल पूर्ण कोरा आहे. ४५० रुपये गेलेच. मला आधी लॅबचा संशय आला होता, पण निगेटिव्ह परत आले तेव्हा कडेला फिल्मचे नाव आणि फ्रेमचे आकडे स्पष्ट उमटलेले होते. कडेची अक्षरे कारखान्यातच छापलेली असतात आणि रोल धुतल्यावरच दिसतात, त्यामुळे ती दिसत असतील तर धुण्यात दोष नाही, फिल्मवर प्रकाशच पडलेला नाही, असा अर्थ होतो. माझ्या फिल्मचे टोक उजवीकडच्या रिळात अडकलेच नव्हते. कॅमेऱ्याचा आकडा पुढे सरकत होता, फिल्म मात्र जागच्या जागी होती. रोल घातल्यावर डावीकडची गुंडाळण्याची मूठ हलकेच ताणून घ्यावी आणि पुढचा फोटो चढवताना ती आपोआप उलटी फिरते की नाही हे पाहावे. दोन सेकंदांचे काम आहे, आणि त्यानंतर माझा एकही रोल कोरा आला नाही.

दुसरा कलरप्लस ऑगस्टमध्ये संपवला. या वेळी फोटो आले, पण जवळजवळ प्रत्येकाच्या एका बाजूला नारिंगी पट्टा होता. फोम वाळून भुगा झाला होता आणि बिजागरीतून ऊन आत शिरत होते. मामांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे जुना फोम रॉकेलने पुसून काढला आणि तिथे काळ्या मखमलीची अरुंद पट्टी चिकटवली. मखमल शिंप्याने फुकट दिली. या फिल्मविषयी माझे मत फार चांगले नाही. ढगाळ दिवशी तिचे रंग मळकट वाटतात. शिकताना वाया घालवायला मात्र तीच योग्य, आणि मी ती त्यासाठी पुरेपूर वापरली.

गणेश चतुर्थीनंतर दोन दिवसांनी, २१ सप्टेंबरला, बँकेतून रजा काढून कास पठारावर गेले. बरोबर कोडॅक गोल्ड २०० (९५० रुपये) आणि एक्टार १०० (१,५०० रुपये). फुलांच्या दिवसांत तिथे आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि ठरलेल्या वाटेवरूनच चालावे लागते, त्यामुळे पाऊल आत टाकून फुलाच्या तोंडाशी कॅमेरा नेता येत नाही. साध्या ५० मिलिमीटरच्या भिंगाने फुलांपेक्षा पठारच जास्त येते. सकाळी धुके होते. एक रोल संपवून दुसरा घातला, म्हणजे दोन्ही फिल्मना तासाभराच्या अंतराने जवळजवळ सारखाच उजेड मिळाला.

एक्टारविषयी वाचले होते की ती भडक आहे. उन्हात असेलही, पण कासच्या धुक्यात, जिथे डोळ्यांनाही सगळे विटल्यासारखे दिसत होते, तिथे तिने तेरड्याचा गुलाबी आणि कवळ्याचा पिवळा रंग बरोबर उचलला आणि दाणा (फोटोतला रवाळपणा) इतका बारीक की गेंदाचे पांढरे ठिपके मोजता यावेत. मोठा दोष एक: उजेड थोडा कमी पडला की सावल्या निळसर होतात. बरोबरच्या मैत्रिणीचा चेहराही तांबूस आला, तो मी तिला अजून दाखवलेला नाही. गोल्ड याच्या उलट. तिने धुक्यालाही पिवळसर ऊब दिली. ते खरे नव्हते, पण घरच्यांना तेच फोटो आवडले.

एक गोष्ट मात्र दोन्ही फिल्मनी सारखीच केली. सीतेची आसवे ही फुले डोळ्यांना निळसर जांभळी दिसत होती, फोटोंत ती स्पष्ट गुलाबीकडे झुकली. आधी मला हा लॅबचा घोळ वाटला. नंतर कळले की काही निळी-जांभळी फुले अतिगडद लाल प्रकाशही परावर्तित करतात. आपल्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही, पण फिल्मच्या लाल थराला जाणवतो, आणि निळ्यात लाल मिसळून गुलाबी होते. छायाचित्रकारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कासचा निळा रंग जसाच्या तसा हवा असेल, तर माझ्या मते तिथे मोबाइलच बरा.

दिवाळीनंतर हिशोब केला तेव्हा रोलच्या किमतीखेरीज धुण्याचा आणि टपालाचा खर्चही डोळ्यांत भरला, आणि कृष्णधवल रोल घरी धुवायचे ठरवले. टाकी आणि रीळ २,४०० रुपयांना मागवले. डेव्हलपरची (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाची) तयार पाकिटे महाग वाटली, म्हणून मामांनी डी-७६ या डेव्हलपरची जुनी कृती सांगितली: एक लिटर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. टाकणखार किराणा दुकानात मिळाला. बाकीचे घ्यायला प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात गेले, तर त्यांनी संस्थेचे पत्र मागितले. मी बँकेत काम करते. बँकेला हायड्रोक्विनोन कशाला लागते, हे पत्रात कसे लिहिणार? शेवटी साध्या कागदावर वापराचे कारण ‘छायाचित्रण’ असे लिहून दिलेला अर्ज, आधारची झेरॉक्स आणि दोन फेऱ्या, एवढ्यावर नवव्या दिवशी काम झाले. फिक्सरसाठीच्या (उमटलेले चित्र पक्के करणाऱ्या द्रावणासाठीच्या) हायपोसह १,३५० रुपये लागले, आणि ती पावडर अजून उरलेली आहे.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मामा मुद्दाम कराडहून आले. स्टुडिओत ते ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म वापरत असत, आणि ती कंपनी बंद पडल्याचे दुःख त्यांना स्टुडिओ बंद पडल्यापेक्षा जास्त आहे असे मला नेहमी वाटते. मी वजन करून पुड्या ओळीने मांडल्या आणि सल्फाइटची मोठी पुडी आधी उचलली, तशी ते म्हणाले, “अगं थांब. सल्फाइटची नुसती चिमूट टाक, मग मेटॉल. ते पुरतं विरघळू दे, उरलेलं सगळं मागनं.” सल्फाइट दाट झाले की मेटॉल विरघळायला तयार होत नाही, आणि सल्फाइट अजिबात नसेल तर मेटॉल हवेने खराब होऊ लागते. म्हणून ती चिमूट. हातमोजे घालावेत, पावडर हुंगू नये आणि यासाठीची भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत.

फिल्म रिळावर चढवायला पूर्ण अंधार लागतो. रात्री न्हाणीघराची खिडकी गोधडीने झाकली, दाराखालच्या फटीत टॉवेल खुपसला आणि पाच मिनिटे नुसते बसून कोठून उजेड येतो का ते पाहिले. आधी एका वाया गेलेल्या रोलवर डोळे मिटून सराव केला होता, तो कोरा कलरप्लस अखेर इथे कामी आला. डिसेंबरमध्ये नळाचे पाणी २० अंशांच्या जवळपास होते, त्यामुळे डेव्हलपर एकास एक पाण्यात मिसळून इलफोर्ड एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मला सांगितलेली अकरा मिनिटे जशीच्या तशी पाळता आली. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतून ३३ अंशांचे पाणी येते. तेव्हा परातीत बर्फ घालून बाटल्या त्यात बसवाव्या लागतात, आणि मी २० चा हट्ट सोडून २४ अंशांवर आठ मिनिटांच्या आसपास धुते. फिक्सरची वेळ ठरवण्याची मामांची युक्ती सोपी आहे: फिल्मचे कापलेले टोक फिक्सरमध्ये टाकायचे, ते पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट. शेवटचे धुणे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने करावे, म्हणजे वाळल्यावर पाण्याचे डाग राहत नाहीत.

त्या रात्री दोरीवर टांगलेला ओला रोल मामांनी बल्बसमोर धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. संगम माहुलीचे फोटो होते: कृष्णा-वेण्णेचा संगम, घाटाच्या पायऱ्या, देवळाचा काळा दगड. मग एका फ्रेमवर बोट न टेकवता दाखवून म्हणाले, “इथं सावलीत बघ, दगडाचा टाका दिसतोय.” एचपी५ विषयी माझे मत त्या टाक्यावर आधारलेले आहे. भर दुपारी देवळाच्या बाहेर पांढरे ऊन आणि आत काळोख असतो. तो फरक ही फिल्म सहन करते. तिची अडचण ऊन हीच आहे. आयएसओ ४०० ला (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती तेज आहे तो आकडा), आणि शटर हजाराव्या भागावरच थांबत असताना, दुपारी छिद्र एफ/११ पेक्षा फारसे उघडता येत नाही, म्हणजे मागची पार्श्वभूमी धूसर करण्याचा विचार सोडून द्यावा लागतो. पिवळा फिल्टर लावल्यावर एक स्टॉप (उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी) सुटला आणि आकाशही जरा गडद झाले.

त्यानंतर ६५० रुपयांच्या केंटमेअर ४०० या कृष्णधवल फिल्मचे तीन रोल वापरले. ही फिल्मही इलफोर्डचाच हारमन कारखाना बनवतो. दाणा किंचित जाड आहे, आणि उन्हातला दिवा किंवा चकाकते भांडे फ्रेममध्ये असेल तर त्याभोवती उजेड पसरतो. रोज वापरायला मला ती एचपी५ इतकीच चालते, आणि तेव्हा तीनशे रुपये वाचले. एचपी५ मी आता संध्याकाळसाठी ठेवते. मार्चमध्ये गावच्या जत्रेतल्या कुस्त्या १६०० वर ढकलून (पुश करून) घेतल्या; पैलवानांच्या पाठीवरची माती आली, पंचाचा चेहरा अंधारात गेला. पावसाळ्यात रीळ दमट असले तर फिल्म मध्येच अडकते, तेव्हा रीळ आधी हेअर ड्रायरने वाळवून घ्यावे.

आता पालच्या यात्रेविषयी, कारण फिल्मबद्दलचे माझे बरेचसे मत तिथे बदलले. जानेवारी २०२४ मध्ये, पौषात, खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाला कराड तालुक्यातल्या पालला गेले. तारळी नदीच्या दोन्ही काठांवर माणसे, आणि ‘येळकोट’चा गजर झाला की सगळी हवा भंडाऱ्याने पिवळी. एक रोल गोल्डचा, दुसरा १,७०० रुपयांच्या पोर्ट्रा ४०० चा. भिंगावर साधा फिल्टर आणि कॅमेऱ्यावर मध्ये भोक पाडलेली प्लास्टिकची पिशवी होती, तरीही मुठीच्या खाचेतून हळद आजही निघते. पिवळ्या उजळ धुराळ्याला मीटर फसतो आणि फोटो काळा करतो, म्हणून मी सगळीकडे एक स्टॉप जास्त उजेड दिला. रंगीत निगेटिव्हला जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही.

स्कॅन आले तेव्हा मी निराश झाले. दोन्ही रोल सारखेच दिसत होते, आणि दोन्हींत भंडारा लिंबासारखा फिका पडला होता. सातशे-आठशे रुपये जास्त कशासाठी दिले? लॅबला विचारल्यावर उत्तर आले की स्कॅनर प्रत्येक फ्रेमचा रंग आपोआप ‘दुरुस्त’ करतो. यंत्राला सगळा फोटो पिवळा म्हणजे चूक वाटली होती आणि त्याने ती मन लावून सुधारली होती. रोलमागे २०० रुपये देऊन दुरुस्तीविना पुन्हा स्कॅन करून घेतले, शिवाय निगेटिव्ह टॅब्लेटच्या पांढऱ्या पडद्यावर ठेवून सहकाऱ्याच्या डिजिटल कॅमेऱ्याने स्वतःही टिपले. (पडद्याचे बारीक ठिपके येऊ नयेत म्हणून निगेटिव्ह काचेवर, चार बोटे वर धरावे.) आता फरक दिसला. एका म्हाताऱ्या बाबांचा चेहरा दोन्ही रोलवर होता. गोल्डमध्ये कपाळ, गाल, फेटा सगळे एकाच सोनेरी रंगात मिसळले होते. पोर्ट्रामध्ये सुरकुत्यांत भरलेला भंडारा वेगळा आणि मधली सावळी कातडी वेगळी, भुवईवरच्या घामाने हळद ओली होऊन गडद झालेली तीही वेगळी.

तेव्हापासून कोणी एखाद्या फिल्मचे रंग असे असतात म्हणून फोटो दाखवले, की मी आधी स्कॅन कोणी आणि कसा केला हे विचारते. अर्जातल्या शेऱ्याच्या जागेत आता मी ‘रंगदुरुस्ती नको’ असे दर वेळी लिहिते. पोर्ट्रा मी चेहऱ्यांसाठीच घेईन, आणि तेही वर्षातून एकदा. डोंगर, घाट, बाजार यांसाठी एवढे पैसे देण्यात अर्थ नाही. त्यासाठी गोल्ड पुरते, आयएसओची तबकडी १०० वर ठेवून.

एप्रिलमध्ये गोल्डचा एक रोल चार दिवस स्कूटीच्या डिकीत विसरले, आणि स्कूटी पोवई नाक्यावर उन्हात. त्या रोलच्या सावल्यांत हिरवट झाक आली. दोष उन्हाचा की माझ्या एक्स्पोजरचा, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण तेव्हापासून रोल फ्रिजमध्ये, हवाबंद डब्यात असतात. बाहेर काढल्यावर दोन-तीन तास डबी उघडू नये, नाहीतर फिल्मवर दव धरते.

एक सावधानता. सिनेमाची फिल्म कापून भरलेले स्वस्त रोल बाजारात मिळतात. तिच्या पाठीवर अनेकदा काजळीचा थर असतो आणि तिला वेगळी प्रक्रिया लागते, नेहमीच्या रंगीत यंत्रात लॅब ती घेत नाही. डबीवरची प्रक्रिया वाचूनच पैसे द्यावेत. मी ती वापरलेली नाही.

मे महिन्यात धाडस करून स्लाइडची एक्टाक्रोम ई१०० घेतली, २,३०० ला एक याप्रमाणे दोन रोल. धुण्याचे ९०० वेगळे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर सकाळी सहाला पोहोचले. नऊनंतर काढलेल्या जवळजवळ सगळ्या फोटोंत आकाश धुऊन पांढरे झाले होते, कारण स्लाइडला अर्ध्या स्टॉपचीही चूक चालत नाही. छत्तीसपैकी अकरा बऱ्या आल्या. पण त्या अकरा खिडकीशी धरल्या की स्कॅनर, लॅब, पडदा यांची गरजच राहत नाही. घाटाच्या पायरीवरचे ओले पाऊल हाताच्या दोन बोटांत दिसते. आईने चष्मा काढून, स्लाइड डोळ्याजवळ नेऊन पाहिली आणि ती परत मागितली तरी देईना.

सप्टेंबर २०२४ मध्ये कासला पुन्हा गेले तेव्हा एक्टार एकटीच नेली आणि चौदावा रोल संपवला. दुरुस्ती सोडून एकूण खर्च सव्वीस हजारांच्या पुढे गेला, महिन्याला पावणेदोन हजारांच्या वर. पुढच्या वर्षासाठी केंटमेअरचे सहा, गोल्डचे तीन आणि एक्टारचा एक रोल मागवला आहे. एक्टाक्रोमचा दुसरा रोल फ्रिजच्या दारात, आले-लसणाच्या वाटणामागे आहे. आई दर रविवारी डबा पुसून परत तिथेच ठेवते आणि मेणवलीला कधी जायचे ते विचारते.